'ले'चं 'ला'

माझी नोकरी गेली हे मला गोदाबाईंच्या जिन्याखाली कळलं. ठेकेदाराला ते आधीपासून माहीत होतं. गोदाबाईंच्या कुत्र्यालाही बहुतेक अंदाज आला असावा, कारण त्या दिवशी ते माझ्यावर भुंकलं नाही.

मी मीटर रीडर. म्हणजे होतो. विजेच्या मीटरचा आकडा पाहायचा, फोटो काढायचा, पुढच्या घरी जायचं. अमरावतीतले लोक मीटर कुठे कुठे बसवून घेतात हे ज्यानं पाहिलं नाही, त्याला माणसाच्या स्वभावाची काही कल्पना नाही. जिन्याखाली, गोठ्यामागे, मोडक्या कूलरच्या पाठीशी, एका घरी तर न्हाणीत. आणि मीटरपर्यंतच्या वाटेत कुत्रं. माझ्या अनुभवानं कुत्र्यांचे दोनच प्रकार आहेत. एक भुंकणारं, आणि दुसरं म्हणजे ज्याचा मालक "काई करत नाई जी तो" असं सांगतो ते. पहिल्यापासून धोका नसतो.

म्हणून माझी बायको केशर रोज सकाळी डबा हातात देताना एवढंच म्हणायची, "कुत्रं पाहून आत जाजा." दुसऱ्या बायका 'लवकर या' म्हणत असतील. केशरनं ते कधी म्हटलं नाही. एकदा आत जाताना कुत्रं पाहिलं की बाहेर माणूस आपोआप येतो, असा तिचा हिशोब असावा.

केशर जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. तिचं दुखणं कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्याबद्दल इथे एवढंच.

तर मी जिन्याखाली वाकलो आणि टॉर्च मारला. जुनं काळं मीटर गायब. त्याच्या जागी एक पांढरं, गुळगुळीत मीटर, डोळा मारल्यासारखा लुकलुकणारा लाल दिवा. मी सवयीनं फोटो काढायला लागलो. वरून गोदाबाईंचा आवाज आला. त्यांचा फुलांचा धंदा, हातात झेंडूचा अर्धा हार होता.

"आता तुमी काहून आले भाऊ? कालच लावून गेले ते नवीन. रीडिंग आपोआप जाते म्हनतात."

"कुठी जाते?"

"वर," असं म्हणून त्यांनी झेंडूचा हात आभाळाकडे केला.

मीही वर पाहिलं. जिन्याची खालची बाजू दिसली.

मग गोदाबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला ओट्यावर बसवून चहा दिला, आणि बशीत दोन बिस्किटं. इतक्या वर्षांत चहा पुष्कळदा मिळाला होता, बिस्किटं पहिल्यांदाच. तेव्हा कुठे मला परिस्थितीचं गांभीर्य समजलं. संध्याकाळी ठेकेदाराचा मेसेज आला. त्यात गुलाबाचं फूल, जोडलेले हात आणि 'आपल्या सेवेबद्दल धन्यवाद' असं होतं. आमच्या सगळ्या रीडर लोकांना तेच फूल आलं होतं.

माझी मुलगी दीक्षा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला फोनवर सांगितलं तर ती मुळीच दचकली नाही. तिच्या कंपनीत हे दर तीन महिन्यांनी होतं म्हणाली. "बाबा, आता अपस्किल व्हावं लागतं."

मी विचार केला. अपमान झाला, अपयश आलं, अपघात एकदा सायकलवरून झाला होता, अपचन तर केशर गेल्यापासून स्वतःच्या हातचं खाऊन रोजचंच. आता हे अपस्किल राहिलं होतं. दीक्षानं समजावलं की हा इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा अर्थ चांगला आहे, नवीन काम शिकायचं. मग तिनं खरी गोष्ट सांगितली. दिवाळीपर्यंत काम लागलं तर ठीक. नाही तर घर भाड्यानं द्यायचं आणि मी पुण्याला तिच्याकडे राहायला जायचं. एकट्या माणसानं, कामाशिवाय, त्या घरात बसून राहायचं नाही. हे बोलताना तिचा आवाज अगदी तिच्या आईसारखा झाला, त्यामुळे मी "हं" म्हणालो.

पुण्याविरुद्ध माझं काही नाही. पण दीक्षाचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, आणि बाल्कनीतून दिसतात ते दुसऱ्या अकराव्या मजल्यावरचे कपडे. इथलं घर आम्ही दोघांनी बांधलं. केशर गेली तीही याच घरातून. मला ते सोडायचं नव्हतं. हे कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी काम शोधायचं ठरवलं.

आमच्या शेजारी पंजाबभाऊ राहतात. तहसील कचेरीतून निवृत्त. उभी नोकरी त्यांनी लोकांना 'उद्या या' सांगण्यात काढली, आणि आता त्यांना दुसऱ्याचं प्रत्येक काम आजच्या आज करायचं असतं. माझी बातमी त्यांना माझ्याआधीच गल्लीतून कळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्ची घेऊन आमच्या ओट्यावर आले. घरात खुर्च्या आहेत, पण सल्ला द्यायला ते स्वतःची खुर्ची आणतात.

त्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की अमरावतीत जेवढे धंदे शिकता येतात, तेवढे कोणाचे ना कोणाचे भाचे आधीच शिकून बसले आहेत. सोलरचं काम करा, माझ्या भाच्यानं केलं. मशरूम लावा, भाच्यानं लावले. मोबाईल दुरुस्ती शिका. भाचा आता काय करतो असं विचारलं की सांगणारा विषय बदलायचा. गोदाबाईंनी मला हार गुंफायला शिकवायची तयारी दाखवली. मी एक हार केला. त्यांनी तो हातात धरून पाहिला आणि म्हणाल्या की देवाले नाई चालणार, नेत्याले चालन.

पंजाबभाऊंच्या भाच्याचं नाव अमोल. तो शेंदूरजनाघाटला असतो आणि त्यानं फवारणीचा ड्रोन घेतला आहे. पंजाबभाऊंचं म्हणणं असं, की मी आयुष्यभर यंत्रावरचे आकडे वाचले, ड्रोनवरही आकडेच असतात, तेव्हा अर्धी विद्या मला येतेच. उरलेली अर्धी एका दुपारी शिकता येईल. आम्ही एसटीनं वरूडला आणि तिथून पुढे गेलो. संत्र्याची बाग, छान सावली, अमोल स्वभावानं गरीब. त्यानं टाकीत औषधाऐवजी साधं पाणी भरलं आणि रिमोट माझ्या हातात दिला. फक्त डावीकडचा दांडा हळू सरकवायचा म्हणाला.

ड्रोन वर गेला. रिमोटच्या पडद्यावर आकडा दिसला आणि माझं सगळं लक्ष तिकडे गेलं. आकडा दिसला की मी तो वाचतो, त्याला माझा इलाज नाही. मी बारकाईनं वाचत होतो आणि आकडा वाढत होता. मान वर केली तेव्हा ड्रोन शेजाऱ्याच्या बागेत पोचून तिथे पाऊस पाडत होता. त्या बागेत नेमका एक व्यापारी आला होता, उभ्या बागेचा सौदा चालला होता, आणि व्यापारी, बागवाला दोघेही भिजले. भिजण्याचं व्यापाऱ्याला काही नव्हतं. पण ऐन सौद्यात फवारणी होते म्हणजे बागेला रोग आहे, असा अर्थ त्यानं काढला आणि तो गाडीत बसून निघून गेला. बागवाला आमच्याकडे आला. पुढचं बोलणं पंजाबभाऊंनी केलं, कचेरीतले असल्यामुळे त्यांना समोरच्याला थकवता येतं. परतीच्या एसटीत ते एवढंच म्हणाले, "चंद्रभान, तुले उंचीचं ग्यान आहे. दिशेचं नाई."

त्यानंतर आम्ही रीतसर मार्गानं जायचं ठरवलं. कौशल्याच्या पोर्टलवर नोंदणी केली की योग्य ते काम पोर्टलच सुचवतं, असं गल्लीत बोललं जात होतं. मी सेवा केंद्रात गेलो. तिथल्या माणसानं पूर्वीचं काम विचारलं. मी म्हटलं मीटर रीडर. यादीत ते नव्हतं. त्यानं नुसतं 'मीटर' टाकून पाहिलं तर 'ऑटोरिक्षा, मीटरसह' असं आलं आणि मी नको म्हणेपर्यंत त्यानं ते दाबलं. तेव्हापासून सरकारदरबारी मी ऑटोवाला आहे. मला अजून टायरांच्या जाहिराती येतात.

मग ओटीपी आला. म्हणजे मला आला नाही, केशरच्या फोनवर गेला. आधार, बँक, गॅस, आमच्या घरातलं सगळं केशरच्या नंबरला जोडलेलं आहे. मी दिवसभर जिन्याखाली, तिथे फोनला रेंज नाही, म्हणून तेव्हा ते सोयीचं होतं. तिचा फोन स्वयंपाकघरात ओट्याच्या वर फळीवर असतो. मी तो चार्ज करतो, रिचार्जही मारतो. दीक्षानं नंबर बदलून घ्या म्हणून कितीदा सांगितलं. मी सेवा केंद्रात विचारलंही होतं. तो माणूस म्हणाला, जुना नंबर बंद असेल तर वेगळा फॉर्म. मी म्हटलं, चालू आहे. त्यानं विचारलं, मग वापरतं कोण? मागे रांग होती, तेव्हा मी घरी आलो.

तर आता बाहेर कुठेही ओटीपी लागला की पंजाबभाऊंना फोन करायचा. त्यांच्याकडे आमच्या घराची किल्ली असते. ते जाऊन केशरच्या फोनवर पाहतात आणि आकडा वाचून दाखवतात. कचेरीच्या सवयीनं ते सुटे आकडे वाचत नाहीत. चार लाख सत्तावीस हजार तीनशे अठरा असं वाचतात, अक्षरी, शेवटी 'फक्त' जोडायचं तेवढं बाकी ठेवतात. तोपर्यंत ओटीपीची मुदत संपते.

पोर्टलनं मला कोणतंच काम सुचवलं नाही. पण पावसाळा संपता संपता दीक्षानं एक जाहिरात पाठवली. आवाजाचं काम, घरी बसून. वयाची अट नाही. स्थानिक भाषा उत्तम बोलता येणं आवश्यक. मुलाखत अकोल्याला, दिवाळीच्या आधी.

मी पंजाबभाऊंना दाखवलं. ते खुर्चीत नीट बसले. "भाषा उत्तम म्हंजे शुद्ध. आपण बोलतो तिले भाषा कोन म्हणन? आपलं ते नुसतं बोलनं आहे."

मला ते पटलं. लिहिताना मी शाळेत शिकवलं तसं लिहितो, ते तुम्ही वाचतच आहात. पण बोलताना मी आमच्या भागातल्या सगळ्यांसारखा. मले, तुले, त्याले. काम करून राहिलो. डोळ्याला डोया आणि पाण्याला पानी. पुण्याच्या व्याह्यांसमोर दीक्षाच्या लग्नात मी तोंड बंद ठेवलं होतं, तर ते म्हणाले, सासरे फार गंभीर आहेत.

शुद्ध बोलायचे क्लास अमरावतीतही आहेत. पण इथे असं घर नाही ज्याच्या जिन्याखाली मी वाकलो नाही. त्या क्लासचं मीटर तर पाण्याच्या मोटारीमागे आहे, हेही मला माहीत. तिथे जाऊन बाकावर बसायची लाज वाटली. म्हणून मी अकोल्याला जठारपेठेत एका क्लासला नाव घातलं. शुद्ध संभाषण आणि मुलाखतीची तयारी. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरायची, संध्याकाळी परत. मध्ये मूर्तिजापूर लागतं, ते केशरचं माहेर. मूर्तिजापूर आलं की मी पेपर उघडतो आणि गाडी सुटली की घडी घालतो. पेपर न वाचता संपतो.

क्लास वर्षाली मॅडम घ्यायच्या. वयानं दीक्षाएवढ्या, पण आवाजात दरारा. बाकीची मुलं बँकेच्या परीक्षांची, मी त्यांच्यात मागच्या बाकावर. मॅडमनी पहिल्याच दिवशी माझा रोग ओळखला. म्हणाल्या, काका, तुमची सगळी अडचण 'ले'ची आहे. जिभेवर 'ले' आलं की गिळायचं आणि 'ला' म्हणायचं. बस. एकदा क्लास चालू असताना लाईट गेले तेव्हा मॅडमच्या तोंडून "अरे, लाईन काहून गेली?" असं निघून गेलं.  मॅडम मूळच्या धामणगाव रेल्वेच्या. त्या पाणी प्यायल्या, आणि 'विद्युतपुरवठा खंडित झाला आहे' असं फळ्यावर लिहून आमच्याकडून म्हणून घेतलं.

मी अभ्यासाला लागलो. काळा डोळा, पिवळा पोळा, थंड पाणी, ताजं लोणी. घरी ओट्यावर बसून म्हणायचो. आणि 'ले' दिसलं की गिळायचो. यात एक घोटाळा झाला, तो मॅडमनी सांगितला नव्हता. माझी जीभ एकदा वळणाला लागली की थांबेना. आपण बोलतो त्यात किती ठिकाणी 'ले' असतं, आणि त्यातलं बरंचसं निर्दोष असतं, याचा मला अंदाज नव्हता. मी भाजीवालीला विचारलं, "कांदे कसे दिला?" ती म्हणाली, "तुमी बाहेरून आल्ले का भाऊ?" पंजाबभाऊंना सांगितलं, कपडे वाळला, पाहुणे गेला, मी दोन फुलके खाल्ला.  ते हळूच म्हणाले की अटॅक आधी जिभेवर येतो, त्यांच्या साडूला तसंच झालं होतं, आणि मला हात वर करून दाखवायला लावला. मी दोन्ही हात वर केला.

मॅडमनी ते पुढे निस्तरलं. मुलाखतीचा दिवस येईपर्यंत मी इतका शुद्ध झालो होतो, की दीक्षानं एकदा फोन उचलून "कोण बोलतंय?" असं विचारलं.

अकोल्याला ती कंपनी एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. जाताना सवयीनं जिन्याखाली पाहिलं, मीटर जुनंच होतं. बरं वाटलं. मुलाखत घ्यायला शेखर नावाचा तरुण होता, अकोल्याचाच. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, काका, घरचं काही पण सांगा, रेकॉर्डिंग चालू आहे.

मी ताठ बसलो. "माझा जन्म अमरावती येथे झाला. मला एक कन्या आहे. ती पुणे येथे कार्यरत आहे. फावल्या वेळात मला वाचनाची आवड आहे."

शेखरनं विचारलं, घरी असंच बोलता का?

"होय. आम्ही सर्वजण असेच बोलतो."

त्याचा चेहरा पडला. त्यानं समजावून सांगितलं. शेतकऱ्यांनी फोनवर काही विचारलं तर उत्तर देणारं एक मशीन त्यांची कंपनी बनवते. मशीनला पुण्याचं मराठी येतं. पण इकडचा माणूस 'मले बियानं पाह्यजे होतं' म्हणाला की ते गोंधळतं आणि पुन्हा बोला म्हणतं. म्हणून त्यांना अस्सल वऱ्हाडी बोलणारे पाहिजेत, मशीनला ऐकवायला. "काका, तुमचं फारच शुद्ध आहे. आमच्या कामाचं नाही."

वऱ्हाडी बोलतो म्हणून हसले गेलेले लोक मी खूप पाहिले आहेत. वऱ्हाडी येत नाही म्हणून परत पाठवलेला अमरावतीचा माणूस मी पहिलाच असेन. मी म्हटलं, मला येते वऱ्हाडी. म्हणजे मले. मले येते. शेखर म्हणाला, बोला बरं. मी तोंड उघडलं. जिभेवर 'ले' आलं की गिळायचं, एवढंच तिला आता ठाऊक होतं. मी दोन-तीन वाक्यं बोललो. त्यानं मान हलवली. "काका, पाठ केल्यासारखं वाटते."

मी उठलो. दिवाळी तोंडावर आली होती. खाली जाईपर्यंत माझ्या मनात घर भाड्यानं देऊन झालं होतं आणि फळीवरचा फोन पुण्यात कुठे ठेवू याचा विचार चालला होता. तेवढ्यात शेखर मागून आला. तो भला मुलगा. म्हणाला, येण्याजाण्याचं भाडं कंपनी देते, फक्त आधारचा ओटीपी लागेल.

मी जिन्यात उभा राहूनच पंजाबभाऊंना फोन लावला. ते किल्ली घेऊन आमच्या घरी गेले. मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मग म्हणाले, "चंद्रभान, ओटीपी येऊन नाई राहिला. मेमरी फुल म्हनते हा फोन. जुने मेसेज लय साचले याच्यात. थांब, पुसून टाकतो सारे."

पुढचं मी बोललो हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

"हात लावू नोको त्याले! काहून पुसून राहिला तू? कोनं सांगतलं तुले? भैताडा, ते तिचे आहेत. ठेव तो फोन खाली. जिथं होता तिथं ठेव. फळीवर. पालथा नोको ठेवू, सिधा ठेव!"

सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. एक बाई जिन्याच्या कठड्यावरून वाकून पाहू लागल्या. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या पंजाबभाऊंना मी आयुष्यात पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं, आणि भैताड हे वेगळं.  मग पंजाबभाऊ अगदी हळू म्हणाले, "मले कुठी पुसता येते बे. मी डिलिट शोधून राहिलो होतो, तं टॉर्चच लागली."

त्या फोनमध्ये तसं काही विशेष नाही. गॅसचा नंबर लागला, खात्यात पैसे जमा झाले, दीक्षाचे काही मेसेज. आणि बरेचसे माझे, कामावरून पाठवलेले. 'अमक्या घरी कुत्रं सुटलं आहे, उशीर होईल' अशा स्वरूपाचे. त्यावर तिचं उत्तर 'बरं'.

मी डोळे पुसून मागे वळलो तर शेखर दोन पायऱ्या वर उभा होता. त्याच्या हातात भाड्याचा कागद होता, तो तसाच राहिला.

"काका," तो म्हणाला, "हे पाहिजे होतं मले. तुमी आतमध्ये काहून नाई बोलले असं?"

अशा रीतीनं मला काम लागलं. आता मी घरी बसून मोबाईलवर वाक्यं रेकॉर्ड करतो. लाल बटण दाबायचं, बोलायचं, ऐकायचं, पाठवायचं. दीक्षा दिवाळीला इकडेच आली, आणि पुण्याचा विषय तिनं काढला नाही. वर्षाली मॅडमना मी फोन करून सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं, आणि अशा कामात बायकांचा आवाज लागतो का, असं हळूच विचारलं.

पंजाबभाऊ आठ दिवस खुर्ची घेऊन आले नाहीत. मग मी त्यांच्याकडे गेलो आणि 'तुमी' म्हणून माफी मागितली. ते म्हणाले की 'तू' म्हटल्याचं काही नाही, पण भैताड म्हटलेलं कंपनीच्या कानावर गेलं, ते वाईट झालं. त्यांनीही आवाजाची परीक्षा देऊन पाहिली. पहिलंच वाक्य 'सदर इसम' असं सुरू झाल्यामुळे त्यांना घेतलं नाही. आता ते रेकॉर्डिंग चालू असताना शेजारी बसून माझ्या चुका काढतात. त्यामुळे पुष्कळ वाक्यं दोनदा बोलावी लागतात, आणि शेखर म्हणतो की मागे कोणीतरी भांडत असतं ते पण मशीनला चांगलं.

वाक्यं कंपनी देत नाही. फक्त सदरं देते. शेतातलं, बाजारातलं, घरातलं, बाहेर जातानाचं. वाक्यं आपली आपण आठवायची. बाजारातली मला भरभर सुचली. घरातल्या सदरापाशी मी अडलो. मग लक्षात आलं की घरात मी इतकी वर्षं मुख्यतः "हं" एवढंच बोललो होतो. बाकी सगळं केशर बोलायची. म्हणून मी तिचीच वाक्यं घेतली. पाय धुवून आत या. कणकीचा डबा कोनं उघडा ठेवला? तुमाले सांगून सांगून मी थकली. भाकर थंडी होऊन राहिली, पेपर ठेवा आता. दीक्षानं एक-दोन ऐकली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. आल्यावर म्हणाली, बाबा, ते मशीन आता लोकांना रागावेल. मी म्हटलं, रागवू दे.

कंपनीला हे सदर फार आवडलं. तीनदा मुदतवाढ मिळाली. घरातलं सगळं मी पाठवलं, आठवलं ते सगळं, आणि आता नवीन काही आठवत नाही.

आमच्या घरीही मागच्या महिन्यात पांढरं मीटर बसलं. बसवणारी मुलं विचारत होती, काका, कुत्रं तर नाही ना. मी नाही म्हटलं. पण दोघं फाटकातून आत येईपर्यंत मी ओट्यावर उभाच राहिलो.

काल शेखरचा मेसेज आला. काका, बाहेर जातानाच्या सदरात एकच वाक्य बाकी दिसते. मी रोज सकाळी लाल बटण दाबतो, 'कुत्रं' म्हणतो आणि बंद करतो.

मी शेखरला कळवलं, हाव, ते बाकी आहे.